कॅप्टन तुफानाचा वनवास

वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शेतातून पोपटीचा वास येतोच. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, बटाटे, कुणाचं चिकन, कुणाची अंडी. मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवायचा. भांबुर्ड्याचा तो कडवट धूर सुपारीच्या वाडीतून सरपटत घरात शिरला, की समजायचं पौष लागला. अंगणात सुपारी वाळत पडलेली असते, आंब्याला नुकता मोहोर येऊ घातलेला असतो, आणि सकाळी पाण्यात हात घालवत नाही. काल संध्याकाळी मी सुपारी गोळा करत होते. धूर आला आणि धुराबरोबर शाळेच्या पडवीतून पेटीचे सूर आले. तालमी सुरू झाल्या होत्या. मी सुपारीची पाटी तशीच ठेवली आणि एकटीच हसत सुटले. पर्यटकांना भाड्याने देतो त्या शेजारच्या खोलीतल्या पुण्याच्या बाईंनी विचारलं, "काय झालं वहिनी?"

आता त्यांना काय सांगायचं? पेटी ऐकली की माझ्या डोळ्यांसमोर अजून एक माणूस उभा राहतो. अंगात निळा घट्ट पोशाख, छातीवर चांदीची वीज, डोळ्यांवर पट्टी, आणि तो माणूस हात पसरून शुद्ध नाटकी मराठीत म्हणतोय, "हे वसुंधरे, आता तूच माझे सिंहासन!" तो माणूस माझा नवरा.

आमच्या गावाचं एकच नाटक आहे. त्याला नाव असेल, पण सगळे त्याला नुसतं 'नाटक' म्हणतात. गावातल्याच कुणा जुन्या माणसाने लिहिलेलं, तीन अंकी, पदांसकट. माघातल्या जत्रेला ते व्हायचंच. गोष्ट साधी. एका राजाचे प्रधान आणि सेनापती फितूर होतात, राजा वनवासाला जातो, दुसऱ्या अंकाच्या शेवटी भिकाऱ्याच्या वेषात स्वतःच्याच राजवाड्याच्या दारात येतो आणि द्वारपाल त्याला ओळखत नाही. हाकलून देतो. तिसऱ्या अंकात प्रधानाला पश्चात्ताप होतो, तो एक लांबलचक पद म्हणतो, राजाला शोधून आणतो आणि सगळं ठीक होतं. राणी पहिल्या अंकातच माहेरी जाते आणि परत येत नाही, कारण आमच्या मंडळाला नटी कधी मिळालीच नाही.

राजाचं काम वर्षानुवर्षं माझे सासरे करायचे. घरात आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, पण गावात त्यांना सगळे 'महाराज' म्हणतात. पिशवी घेऊन भाजीला निघाले तरी "महाराज, वांगी ताजी हायत" अशी हाक येते. अण्णाही मान किंचित झुकवून वांगी घेतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, थट्टा करतात. मग जत्रेत त्यांना राजा म्हणून पाहिलं आणि मीही मनातल्या मनात महाराजच म्हणायला लागले.

मग ते चक्रीवादळ आलं. त्याबद्दल इतकं बोलून झालंय की आता मी बोलत नाही. एका दुपारीत आमची अर्धी वाडी आडवी झाली. नाटकाच्या रंगमंचाचे पत्रे उडाले आणि पोशाखांचा पेटारा फुटून गावभर झाला. मुकुट तेवढा आमच्याच विहिरीत सापडला. जरीचा एक शेला उरल्यासुरल्या एका माडाच्या शेंड्याला अडकला होता, तो कित्येक दिवस तिथेच फडकत राहिला. काढायला कुणी चढलं नाही. त्यानंतर पुढची काही वर्षं नाटक झालंच नाही.

प्रदीप, म्हणजे माझा नवरा, वाडीत पुन्हा रोपं लावून बसला. सुपारी काही वर्षा-दोन वर्षांत धरत नाही. त्याच सुमाराला रशीदभाई कुवेतहून कायमचे परत आले. त्यांचं घर आमच्या वाडीच्या पलीकडच्या मोहल्ल्यात. तिकडे कुठलंसं खेळण्यांचं दुकान बंद होत होतं, तिथून त्यांनी मोठ्या माणसांच्या मापाचे सुपरहिरोंचे तीन पोशाख उचलून आणले. किनाऱ्यावर पर्यटक येतात, मुलं हट्ट करतात. फोटोचा स्टॉल टाकायचा, अशी त्यांची कल्पना. पोशाख नेमके कुठल्या हिरोंचे, हे रशीदभाईंनाही माहीत नव्हतं. पाकिटावर सगळं चिनी. तेव्हा नावं त्यांनीच ठेवली.

निळा पोशाख, छातीवर वीज, पाठीला लाल शेला: कॅप्टन तुफान. तो प्रदीपला मिळाला. हिरवा पोशाख, दंडात, छातीत, मांड्यांत स्पंज भरून केलेले पिळदार स्नायू: कर्नल पहाड. तो बाळ्याला मिळाला. बाळ्या नारळ पाडायचं काम करतो आणि गावात त्याच्याइतका काटकुळा माणूस नाही. माडावर तो खारीसारखा चढतो, पण त्या पोशाखात त्याला साध्या ओट्यावरही चढता यायचं नाही. तिसरा लाल, दोन्ही हातांना स्पंजचे भलेमोठे नांगे: चिंबोरीमॅन. तो दामूला. दामू कोळी, आवाज गोड, होडी वादळात फुटलेली.

'तुफान' या नावावरून गावात जरा कुरकुर झाली. माझी जाऊच म्हणाली, "रशीदभाई, दुसरं नाव नव्हतं मिळत?"

"वहिनी," रशीदभाई म्हणाले, "ज्याने घरं पाडली त्याच्या नावावर आता दोन घास खायचे. हिसाब बराबर."

अण्णा मात्र काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात अण्णा बोलले नाहीत की ते सगळ्यात मोठं बोलणं असतं. त्या दिवसापासून त्यांनी किनाऱ्याचा रस्ता सोडला. देवळात जायला पुढचा रस्ता जवळचा, पण ते मागच्या पाणंदीने, गुडघे दुखत असताना, लांबून जायचे. पाहुण्यांनी विचारलं, "मुलगा काय करतो?" तर म्हणायचे, "वाडीत असतो." प्रदीपही संध्याकाळी न्हाणीतून थेट जेवायला यायचा आणि ताटावरून मान वर करायचा नाही. एका घरात दोन माणसं एकमेकांना न पाहता किती सफाईने वावरू शकतात, हे मी तेव्हा पाहिलं. दोघांच्या मधे आमटीचं भांडं घेऊन मी उभी.

त्या वर्षी गावाने ठरवलं, नाटक पुन्हा करायचं. अण्णांनी सांगितलं, "मी बसवीन. राजा आता माझ्याने होणार नाही. वनवासाला जायचं तर गुडघे पाहिजेत."

कामं कुणी करायची? पोरं मुंबईला, नव्या मुंबईला, आखातात. राहिलेली हॉटेलात आणि घोडागाडीवर. शेवटी गावात मोकळे आणि बोलता येणारे पुरुष मोजायला बसलं तर पुन्हा पुन्हा तीच तीन नावं यायला लागली, आणि राजाचं काम आपसूक महाराजांच्या मुलाकडे आलं. पडद्याआडून वाक्यं सांगायला मला घेतलं, कारण अण्णांचं नाटक ऐकून ऐकून मला सगळं तोंडपाठ होतं. द्वारपालाचं काम रशीदभाईंचा पुतण्या करणार होता.

पहिल्या तालमीला आम्ही शाळेच्या पडवीत दिवा लावून बसलो. अण्णा खुर्चीत. पेटीवाला सूर धरून. वेळ झाली तरी कुणी येईना. किनाऱ्यावरचं फोटोचं खरं गिऱ्हाईक सूर्य बुडताना असतं, आणि त्या पोशाखांची चेन पाठीला. दुसऱ्याने काढल्याशिवाय निघत नाही. तेव्हा स्टॉल आवरून तिघे तसेच आले. अंधारातून आधी एक नांगा दिसला. मग दंड. मग वीज.

पेटीवाल्याचा सूर बंद पडला.

अण्णांनी एकेकाकडे पाहिलं. प्रदीपवरून नजर चटकन पुढे नेली आणि दामूवर थांबवली.

"हा कोण?"

"मी चिंबोरीमॅन," दामू म्हणाला.

"ते दिसतंय. करतो काय?"

"समुद्राखालनं येतो. वाईट मान्सांना धरतो."

"आणि सोडतो कसा?"

दामू नांग्यांकडे बघत विचारात पडला. हा प्रश्न त्याला किनाऱ्यावर कुणीच विचारला नव्हता. "सोडत न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"धरलेलं न सोडणारा," अण्णा म्हणाले. "म्हणजे प्रधान. बस तिकडे."

मला हसू आवरेना म्हणून मी तोंडात पदर कोंबला. पण अण्णा हसत नव्हते. ते बाळ्याकडे वळले. बाळ्या स्पंजचे दंड फुगवून उभा होता.

"हा कर्नल, आणि तो कॅप्टन?" अण्णांनी विचारलं. प्रदीपकडे न बघता त्यांनी बोट फक्त त्या दिशेला केलं.

"जी महाराज," रशीदभाई मागून म्हणाले. ते तालीम बघायला आले होते, आणि आपल्या पोशाखांची काळजीही होती.

"कर्नल हुद्द्याने मोठा. मग तो कॅप्टनच्या हाताखाली कसा?"

रशीदभाईंनी टोपी सरळ केली. "महाराज, नावं ठेवताना एवढा विचार नव्हता केला."

"नाही, ठीक आहे. मी वर्षानुवर्षं हे नाटक केलं, पण सेनापती का उलटतो ते मला कधी कळलं नव्हतं. हुद्दा मोठा आणि आसन खाली. म्हणून उलटतो." अण्णांनी खुर्चीच्या दांडीवर बोट आपटलं. "बाळ्या, हे ध्यानात ठेव. तुला राग राजाचा नाही, राग आसनाचा आहे."

"व्हय महाराज," बाळ्या म्हणाला आणि रागाने बसायला गेला. पण मांडीतल्या स्पंजामुळे त्याला बसता येईना. शेवटी दामूने नांग्याने त्याला हळूच लोटलं.

अशी ती तालीम सुरू झाली. मला वाटलं होतं अण्णा चिडतील, पोशाख काढून या म्हणतील. पण त्यांना त्या तिघांत भलताच रस वाटायला लागला. रोज दिवेलागणीला ते आधीच जाऊन बसायचे. वाक्यं पाठ करून घेण्याआधी ते त्या हिरोंची चौकशी करायचे; स्थळ आलेल्या मुलाची करतात तशी.

"ह्या कॅप्टनला उडता येतं ना? मग वनवासाला जाईलच कशाला? प्रधानाने दरवाजे लावले तर हा गच्चीवरून उतरेल. पहिल्या अंकातच नाटक संपलं."

"त्याला उडता येत असूनही तो उडत न्हाय," दामू म्हणाला.

"का?"

त्या रात्री जेवताना मी पाहिलं, प्रदीप भात कालवता कालवता थांबला होता.

अण्णांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "ह्याचं दुःख काय?" जुन्या नाटकातल्या प्रत्येक माणसाला एक दुःख असतं, त्यावर तो उभा असतो, असं त्यांचं म्हणणं. रशीदभाईंनी अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, "महाराज, दुःख पाकिटावर लिहिलेलं नव्हतं."

मग आम्हीच दुःखं शोधायला लागलो. त्या थंडीत आमच्या गावात जेवढी दुःखं शोधली गेली तेवढी एरवी कधी शोधली नसतील, आणि हसूही तेवढं कधी आलं नसेल. चिंबोरीमॅनचं दुःख दामूने स्वतःच काढलं: त्याला लेकराला जवळ घेता येत नाही, नांगे लागतील. हे सांगता सांगता दामूने डोळे पुसायला नांगा वर केला. नांगा दिव्याला लागला आणि दिवा विझला. कर्नल पहाडचं दुःख बाळ्याने सांगितलं: "मी डोंगर उचलतो, पण मला कुणी विचारीत न्हाय की तुला काय लागतं का." बाळ्याची आई तिथेच बसली होती. ती म्हणाली, "मेल्या, आज सकाळीच विचारलं ना, घावणे करू का!"

कॅप्टन तुफानाचं दुःख मात्र कित्येक दिवस निघेना. एका संध्याकाळी अण्णांनी पुन्हा विचारलं आणि प्रदीप, जो आतापर्यंत आपली वाक्यं सोडून तालमीत एक शब्द बोलला नव्हता, जमिनीकडे बघत म्हणाला, "तो जिथे उतरतो तिथे घरं पडतात. म्हणून तो उडत नाही. चालत जातो."

बाहेर वाडीतून धूर येत होता. अण्णांनी पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं, पण प्रदीपची पट्टी डोळ्यांवर होती आणि दिवा मिणमिणता.

"मग तो दारात आला तरी आत यायला भ्यायला हवा," अण्णा हळूच म्हणाले. "उंबऱ्यापासून दोन पावलं लांब उभा राहा."

त्या दिवसापासून प्रदीपचा राजा बदलला. आधी तो अण्णांच्या राजाची नक्कल करायचा, हनुवटी वर, आवाज छातीतून. आता तो हळू बोलायला लागला. ती जुनी अवघड वाक्यं त्याच्या तोंडून अशी यायला लागली की जणू त्याने ती आत्ताच जुळवली आहेत. मी पडद्याआड बसून वाक्यं सांगायचं विसरायची.

मधे एकदा मी दुपारी त्याचा डबा घेऊन स्टॉलवर गेले. ऊन चांगलंच होतं. कुणी एक गृहस्थ मुलाला प्रदीपच्या खांद्यावर बसवून सांगत होते, "अरे हिरो, जरा उडल्यासारखं कर ना! नीट! पैसे देतोय." प्रदीप मुलाला घेऊन वाळूत पळत होता, एक हात पुढे, पाठीवर शेला. पोरगं खिदळत होतं. पळून झाल्यावर प्रदीपने त्याला खाली ठेवलं आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसून नाटकातल्याच भाषेत म्हणाला, "युवराज, प्रवास सुखाचा झाला ना?" मुलाने गंभीरपणे मान हलवली. मी डबा रशीदभाईंकडे ठेवून परत आले. घरी अण्णांना सांगायचं होतं. सांगितलं नाही.

जत्रेच्या आदल्या आठवड्यात रशीदभाईंच्या पुतण्याला कुवेतहून बोलावणं आलं आणि तो गेला. द्वारपालाचं काम चार ओळींचं. आता नवा माणूस कुठून आणायचा? अण्णा म्हणाले, "मी उभा राहतो. भाला धरून उभं राहायचं, गुडघ्याला आधारच होईल."

जत्रेचा दिवस उजाडला तो सुट्टीचा. शनिवार-रविवारला जोडून आणखी सुट्टी, त्यामुळे सगळा महामार्ग आमच्याकडे यायला निघाला होता. राजवाड्याचे पोशाख, दाढ्या-मिशा, तलवारी, सगळं भाड्याने सांगितलं होतं, आणि ते घेऊन येणारा टेम्पो माणगावात अडकला. रशीदभाई सारखे फोन लावत होते.

"कुठे पोचला?"

"माणगाव."

थोड्या वेळाने पुन्हा.

"आता कुठे?"

"मगाशी सांगितलं तेच माणगाव. ह्या बाजूचं होतं, आता मधलं हाय."

संध्याकाळ झाली. नव्या पत्र्यांच्या रंगमंचासमोर गाव बसलं होतं, गावाच्या पुढे पाहुणे, पाहुण्यांच्या पुढे त्यांची मुलं. देवळातली घंटा झाली. इतक्या वर्षांनी पडदा वर जायचा होता. मंडळाची माणसं हात चोळत उभी. कुणी म्हणालं, उद्या करू. कुणी म्हणालं, लुंगी-सदऱ्यावर करू. अण्णा विंगेत स्टुलावर बसले होते. त्यांनी रशीदभाईंना हाक मारली.

"तुमचे ते पोशाख आहेत ना इथे?"

"आहेत महाराज. स्टॉलवरून आत्ताच आणले. पण..."

"ह्यांनी तालमी त्यातच केल्यात. वाक्यं अंगावरच्या कपड्यांना पाठ आहेत. घाला."

प्रदीपने बापाकडे पाहिलं. "अण्णा, लोक हसतील."

"पहिला अंक हसतील," अण्णा म्हणाले. "दुसऱ्यात बघू."

पहिला अंक लोक हसले. असे हसले की देवळाच्या पिंपळावरची वटवाघळं उठली. पडदा वर गेला आणि सिंहासनावर विहिरीतला मुकुट घालून कॅप्टन तुफान. पुढची मुलं ओरडली, "कॅप्टन! कॅप्टन!" प्रधानाने कट रचताना सेनापतीच्या कानात सांगायचं असतं, पण दामूचा नांगा मधे येई म्हणून त्याला कट ओरडून सांगावा लागला आणि तो राजालाही स्वच्छ ऐकू गेला. बाळ्याने तलवार म्हणून रशीदभाईंची छत्री उपसली. भर दरबारात त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू घसरून कोपराला आला. पहिल्या रांगेतली आजीबाई कळवळून म्हणाली, "अगं बाई, सूज उतरली वाटतं!"

मी पडद्याआड पोट धरून वाक्यं सांगत होते.

दुसरा अंक लागला. वनवासात राजा एकटाच असतो, त्यामुळे नांगे आणि दंड विंगेत गेले. प्रदीपने शेला डोक्यावरून घोंगडीसारखा घेतला आणि चालायला लागला. नुसता चालला. हसू हळूहळू कमी झालं. मुलं पुढे सरकून बघायला लागली. त्यांचा कॅप्टन दमलेला होता आणि का दमलाय ते त्यांना कळत नव्हतं.

मग दार आलं. दाराशी अण्णा, अंगात साधी बंडी, हातात भाल्याऐवजी नारळ काढायची काठी. गावाने महाराजांना दाराबाहेर उभं असलेलं कधी पाहिलं नव्हतं. एक कुजबूज उठली आणि विरली.

प्रदीप येऊन उंबऱ्यापासून दोन पावलं लांब थांबला.

"दूर हो, याचका," अण्णा म्हणाले. "या दारातून राजे जातात."

पुढून एका मुलाला राहवलं नाही. "कॅप्टन, उडून जा ना आत!"

प्रदीपने त्याच्याकडे वळून नाही अशी मान हलवली, आणि पुन्हा दाराकडे वळला. "द्वारपाला, नीट पाहा. या मुखाला तू एके काळी ओळखत होतास."

इथे राजा तोंडावरची घोंगडी बाजूला करतो. प्रदीपने शेला मागे टाकला आणि डोळ्यांवरची पट्टी काढली.

पावसाळा संपल्यापासून तो रोज त्या उन्हात उभा होता. सगळा चेहरा कोळपून काळा पडला होता आणि डोळ्यांभोवती, जिथे पट्टी असायची तिथे, तेवढी कातडी गोरी राहिली होती. पट्टी काढली तरी पट्टी तशीच. घरात त्याने बापापुढे मान वर केली नव्हती, आणि बापाने पाहिलं नव्हतं. आता वर दोन मोठे दिवे होते.

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा बघत राहिले. त्यांचं वाक्य होतं, "असली मुखे नित्य येतात. नाही ओळखत." मला वाटलं विसरले. मी पडद्याआडून सांगितलं, "नाही ओळखत." मी जरा मोठ्याने सांगितलं, "अण्णा, नाही ओळखत!" ते पहिल्या रांगेला ऐकू गेलं आणि तो मघाचा मुलगाच ओरडला, "आजोबा, नाही ओळखत म्हणा!"

अण्णांनी काठी दाराला टेकवून ठेवली.

"ओळखलं," ते म्हणाले. त्यांचा आवाज नाटकातला नव्हता, घरातला होता. "उन्हातून आलात. आत या, महाराज."

मी वाक्यं चाळत बसले, तोंडपाठ असलेली सगळी. पुढे काहीच नव्हतं. द्वारपालाने ओळखल्यावर काय होतं, ते आमच्या गावात कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. मग प्रदीप ती दोन पावलं पुढे आला आणि खाली वाकला. राजा द्वारपालाच्या पाया पडला. पाठीवरचा लाल शेला डोक्यावरून पुढे घसरला आणि त्याखाली अण्णांचे पायही दिसेनासे झाले. अण्णा त्याला उठवायला वाकले, पण गुडघ्यांनी दगा दिला, आणि ते त्याच्या खांद्यावर हात टेकून तसेच वाकलेले राहिले. पाहुण्यांना वाटलं, नाटकच असं आहे. टाळ्या थांबेनात. दोरीवाल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने पडदा सोडला.

विंगेतून दामूचा आवाज आला, "अरं! आन् माझा पश्चात्ताप?"

खरंच की. राजा दुसऱ्याच अंकात घरात आल्यावर तिसऱ्या अंकाला काही कामच उरलं नव्हतं. लोक उठून जेवणाच्या रांगेकडे वळले होते. दामू नांगे आपटत फिरत होता. थंडीभर त्याने ते पद घोटलं होतं. आणि तेवढ्यात टेम्पो आला. ड्रायव्हर उतरला आणि म्हणाला, "माणगाव सुटलं एकदाचं! कुठे उतरवू?" दामूने प्रधानाचा अंगरखा ओढून काढला, पगडी चढवली, पेटीवाल्याला हाताला धरून आणलं आणि महाप्रसादाच्या रांगेसमोर उभा राहून सगळं पद म्हणाला. लोक पत्रावळी हातात घेऊन, भातावर आमटी पडायची वाट बघत, त्याचा पश्चात्ताप ऐकत होते. "वन्स मोअर" दोनदा मिळाला. रांग हलत नव्हती हेही एक कारण असेल.

त्या वर्षापासून गावात दोन तट आहेत. एक म्हणतो, द्वारपालाने ओळखायचं नाही, नाटकाची मर्यादा आहे. दुसरा म्हणतो, एकदा ओळखल्यावर आता कसं हाकलायचं? काल शाळेच्या पडवीत पेटीच्या आड हीच भांडणं चालली होती. मी ऐकत सुपारी गोळा केली.

पण मला त्या जत्रेचं खरं आठवतं ते घरी आल्यावरचं. अण्णा पानावर बसले, प्रदीप न्हाणीतून आला आणि त्यांच्या समोर बसला. मी आमटी वाढली. दोघंही एकमेकांकडे बघून जेवत होते, आणि इतक्या दिवसांची सवय मोडल्यामुळे दोघंही अवघडले होते.

"उद्या किती वाजता उघडता?" अण्णांनी विचारलं.

"काय?"

"स्टॉल."

प्रदीपने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "नऊला."

"येतो मी. तुझा तो शेला जमिनीवर लोळतो. राजाचा शेला घोट्याच्या वर हवा. सुनंदा, चार बोटं दुमडून घे गं."

मी तिथेच सुई-दोरा घेऊन बसले. शेल्याची कड उलगडली तर जेवणघराच्या लादीवर वाळू सांडली.

"अण्णा, तिथे ऊन फार लागतं," प्रदीप म्हणाला. "बसायला सावली नाही."

"मग त्या कर्नलला सांग," अण्णा भातात ताक ओतत म्हणाले, "छत्री त्याच्याचकडे आहे."